एक जुलैचे जुळे

११ जानेवारी १९८४

पुण्याहून कथा परत आली. संपादक म्हणतात, प्रयोग बरा आहे, पण भाषा शुद्ध करून पाठवा. नाई पाठवत. उलट आजपासून ही डायरी घरी बोलतो तशीच लिहीन. शुद्ध भाषेत खोटं बोलाले लई सोपं जाते.

त्याच टपालात भाऊचं पत्र. गुणवंतभाऊ माह्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, इंजिनिअर, दहा वर्षांपासून कॅनडात. आता तिथलाच नागरिक झाला. लिहिते की, आईले तिथी कायमचं राह्यासाठी बोलावता येते. आईच्या वयाची काही अडचण नाई. तिच्यासोबत तिची बिनलग्नाची लेकरंही येऊ शकते, पण एकवीसच्या आतली. एकवीस पुरे झाले की तुम्ही आईचं लेकरू नाई, स्वतंत्र माणूस. मंग स्वतंत्र अर्ज. त्याले हुनर पाहिजे, तिथली नोकरी पाहिजे. बीए मराठीवाल्याले तिथी कोण विचारते!

पत्र ताईनं मोठ्यानं वाचलं. एकवीसपाशी आली तशी थांबली अन् माह्याकडे पाहून हसाले लागली.

"आपण दोघंही एक जुलैले एकवीसचे होतो रे, सुगत. म्हणजे अर्ज त्याच्या आत दिल्लीले पोचला पाहिजे."

दोघंही, कारण शाळेच्या दाखल्यावर आमची जन्मतारीख एकच आहे. १ जुलै १९६३. कागदावर आम्ही जुळे आहो. खरं म्हणजे ताई माह्यापेक्षा चार वर्षांनी मोठी.

१३ जानेवारी

जुळे कसे झालो ते लिहून ठेवतो, कथेले कामी येईन.

गावच्या शाळेत पट कमी पडून राह्यला होता. शाळा बंद होईन म्हणून बापूराव गुरुजी घरोघर फिरून पोट्टे गोळा करत. ताई आठची झाली तरी घरीच होती, कारण तिच्या कडेवर मी. आई भाताच्या रोवण्याले जाय, ताई मले सांभाळे. गुरुजी म्हणाले, पोट्टीले पाठवा. आई म्हणाली, मंग या पोट्ट्याले कोण पाह्यन? गुरुजी म्हणाले, दोघायलेही पाठवा.

मी चारचा. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरून दाखव, म्हणाले. माहा हात पोचला नाई. ताईनं मागून माहं मुंडकं वाकवलं, तसा पोचला. गुरुजी सगळ्याच पोरायले एक जुलै टाकत. आमा दोघायपुढं सालही एकच टाकलं. तवा बाबा होते, त्यायनं विचारलं, एका घरी एका दिवशी दोन कसे? त गुरुजी म्हणाले, "जुळे समजा न्, देवाजी." बाबा हसले. गाव हसलं. त्या हसण्यात ताई दोन वर्षांनी लहान झाली अन् मी दोन वर्षांनी मोठा.

तवापासून एकाच वर्गात, एकाच बाकावर. बारावीपर्यंत. मंग मी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात गेलो, तिनं डीएड केलं. आता मास्तरीणकीच्या ऑर्डरची वाट पाहून राह्यली.

२ फेब्रुवारी

पासपोर्टचे फॉर्म गेले. पोलीस चौकशीले येईन. दाखल्यावर आहे तेच सगळ्यायनं बोलाचं, असं ठरलं. आईनं ठमाबाईले घरी बोलावलं. ठमाबाई गावची दाई, आमी दोघंही तिच्याच हातानं झालो.

आई म्हणाली, "पोलीस विचारन त जुळे म्हणशीन ना वो?"

"म्हणीन. त्याले का समजते? एक निंघाली, मी हात धुतले, तवर दुसरा निंघाला."

"अन् जास्तच विचारलं त?"

"त म्हणीन, तुह्या मायपाशी कोण होतं ते विचारून ये आधी."

ताई पोट धरून हसली. मंग माह्याकडे वळली. "अन् तू? पोलिसापुढं मले ताई म्हणशीन त सगळं बोंबलन. जुळ्यायत कुठी ताई असते? रंभा म्हण."

"रंभा."

"असं नाई. असं त मास्तर हजेरी घेते. जरा रुबाबात म्हण."

मले जमून नाई राह्यलं. घरात मोठ्या बहिणीले नावानं हाक मारली त आई चुलीतलं लाकूड उचलते. आता तीच म्हणते, म्हण रे बाबू, म्हण.

१९ फेब्रुवारी

जमाले लागलं. "रंभे, चहा दे" असंही म्हणतो. आई दर वेळी दचकते. 'ताई' म्हटलं त ती ओच देत नाई, मंग करता काय?

कॅनडाचा विचार करून राह्यलो. इथी माह्या लिहिण्याले जागा नाई. तिथी एक खोली, एक टेबल, खिडकीतून बर्फ. तिथून मी या गावावर असं काही लिहीन की पुण्यावाल्यायची दातखीळ बसन. इथून गाव दिसत नाई. दूर गेल्याबिगर दिसत नसते.

ताईचे सवाल मात्र पाहा. तिथी बायाही बस चालवते का? बर्फात सायकल चालते का? इथलं डीएड तिथी चालन का, का परत शिकाव लागन? किती वर्षं? रात्रीची शाळा असते का? मी म्हटलं, ताई (चुकलो, रंभे), तुले सगळं सामानाच्या यादीसारखं पाहिजे. एक मोठा विचार म्हणून काही असते. ती म्हणाली, "मोठा विचार तू कर. तिथली बस मी पाहून ठेवतो."

माह्या डिक्शनरीत तिनं पेन्सिलीनं जागोजागी खुणा करून ठेवल्या. रोज काही पानं पाठ करते म्हणे. मले पुस्तक खराब केलेलं आवडत नाई. रागावलो.

६ मार्च

अहेरीहून आलेलं स्थळ ताईनं परत केलं. फॉरेस्ट गार्ड होता. लग्न झालं त अर्जातून नाव कटन. आई म्हणे, पोट्टा चांगला होता. मले वाटते, ताईले तो तसाही पसंत नसन. पसंत असता त काही बोलली असती. फोटो मात्र उगाच इतके दिवस तिच्या डब्यात राह्यला, आता त्यायले वाटन आमी आशेवर ठेवलं.

परीक्षा जवळ आली. डायरी बंद.

१० एप्रिल

पेपर झाले. नागपूरले जाऊन आलो. भाऊच्या ओळखीचे एक वकील आहे, परदेशाचे कागद पाहते. त्यायनं सगळं पाह्यलं अन् पुढं सरकवलं.

"चौकशी, मग मुंबईहून पासपोर्ट, मग दिल्ली. एक जुलैच्या आत? मला नाही वाटत. तुमचं खरं वय काय?"

"एकोणीस."

"मग इतकी घाई कशाला? खरी तारीख लावून घ्या. दोन वर्षं आरामात मिळतील."

मी म्हटलं, बहीण आहे. त्यायनं विचारलं, तिचं खरं वय? मी सांगतलं, तेवीस.

वकिलांनी दाखला पुन्हा पाह्यला. "तुमची तारीख खरी झाली की जुळं मोडलं. मग तिचीही खरी होणार. म्हणजे ती आजच बाहेर. तुमचं तुम्ही ठरवा." मंग निघताना म्हणाले, "नाहीतर करा प्रयत्न, पोचले कागद तर पोचले."

घरी सगळे वाट पाहून होते. ताईनं विचारलं, काय म्हणाले?

मी म्हटलं, प्रयत्न करा म्हणाले.

हे खोटं नाई. म्हणालेच होते.

२ मे

आजची नोंद फक्त प्रश्नांत. दोघंही राह्यले त कोणाचं भलं? एक गेला त तो मागून दुसरीले बोलावू नाई शकत का? (भाऊले विचाराव लागन.) तेवीसच्या बाईले तिथी जाऊन काय कराचं आहे? हा प्रश्न वाईट आहे का? वाईट प्रश्न लिहूच नये का? मंग डायरी कशाले?

१७ मे

चौकशी झाली.

मुखरू हवालदार आले, सायकलवर, अंगातला खाकी शर्ट पाठीले चिपकलेला. आमच्या आधी लटारूच्या घरी जाऊन आले. लटारू म्हणजे बाजूचे, त्यायचा पोरगा कुवेतले फिटर म्हणून जाऊन राह्यला. मंग आमच्या ओसरीत बसले. आई बसली, ठमाबाई बसली, मी खांबाले टेकून. ताई आत.

ठमाबाईनं काम असं केलं की नाटकवाले लाजतीन. एक निंघाली, मी हात धुतले, तवर दुसरा निंघाला. "नातवायची शपथ," म्हणे. हवालदार हसून हसून लाल झाले. कागद घडी केला, खिशात टाकला. "झालं. आठ दिवसात वर पाठवून देतो. जरा पाणी पाजा."

मी आवाज दिला, "ताई, पाणी आण वं."

सवय. निव्वळ सवय. तीन महिने रंभा रंभा घोकलं अन् जिभेले ऐन वेळी ताईच सापडली.

हवालदारनं माह्याकडे पाह्यलं. "जुळे न्? मंग ताई कशाची?"

ताई गडू घेऊन बाहेर येऊनच राह्यली होती. पाऊलही नाई अडखळलं तिचं. "दहा मिनिटांनी मोठी आहो, साहेब. त्या दहा मिनिटांचा मान वसूल करून राह्यलो याच्यापासून."

हवालदार पुन्हा हसले. आई हसली, ठमाबाई हसली. सगळं निभलं होतं. गडू घ्यासाठी हात पुढं करता करता त्यायनं मले विचारलं, गमतीतच विचारलं, "काऊन बे, खरं हाय का?"

मी बोललो नाई.

किती वेळ ते नाई सांगता येत. एक कोंबडी ओसरीवर चढली अन् उतरली. हवालदारचं हसू हळूहळू गेलं. त्यायनं गडू घेतला नाई. खिशातला कागद काढला. "किती मोठी हाय?"

तरी मी बोललो नाई. शेवटी ताईच म्हणाली, "चार वर्षं."

गडू तिच्या हातातच होता.

१८ मे

तृतीय पुरुषी प्रयोग:

तो खोटं बोलला नाही. जीभ घसरली ती सवयीनं, त्यात त्याचा दोष नाही. नंतर त्याला 'हो' म्हणायचं होतं, पण घसा कोरडा पडला होता. मे महिना होता. शिवाय ज्याने आयुष्यभर खरं लिहायचं ठरवलं आहे, त्याने एका पोलिसापुढे

नाई जमला. 'तो' लिहिलं की भाषाही आपोआप पुण्याची होते.

४ जून

हवालदारनं वर लिहून पाठवलं की दाखला चूक आहे, खऱ्या तारखा लावून आणा. कोतवालाच्या जन्मनोंदीवरून दोघायच्याही निंघाल्या. मी १९६५, पाकिस्तानच्या लढाईच्या साली. ताई १९६१.

हातपंपावर ठमाबाईनं मले धरलं. "कावून रे बाबू, म्या नातवायची शपथ वाहिली न् तुह्या तोंडाले का टाका पडला होता? हो म्हणाले का पाटी-पेन्सिल लागते?"

बाया हसल्या. ताईनं गुंड भरला, डोक्यावर घेतला. "जाऊ द्या, मावशी. त्याले खोटं बोलणं नाई जमत. लेखक हाय तो."

ताईनं मले पहिल्यांदा लेखक म्हटलं. चार लोकायपुढं. म्हणजे तिच्या मनात काही नाई. उगाच मी इतके दिवस तिची नजर चुकवत होतो.

२३ जून

लटारूच्या पोराचा पासपोर्ट आला. आमची न् त्याची चौकशी एकाच दिवशीची. पेढे वाटले.

अर्ज भरून तयारच होते आमचे. दिल्लीची गाडी दोन दिवसात पोचते.

वकिलांचा अंदाज चुकला, इतकंच.

१ जुलै

काही नाई.

९ ऑगस्ट

ताईची ऑर्डर आली. एटापल्लीच्या पुढं जंगलातलं गाव, जिल्हा परिषदेची शाळा. आई म्हणे, नको जाऊ, तिथी गोंडी बोलते सगळे, तुले काय समजन? ताई म्हणाली, "इंग्रजी पाठ केली होती, आता गोंडी करीन. पाठच कराचं आहे न्."

गडचिरोलीच्या बसवर सोडाले गेलो. तिची पेटी, एक वळकटी. डिक्शनरी मी तिच्या पेटीवर ठेवली. म्हटलं, राहू दे तुलेच. तिनं परत माह्या हातात दिली. "तुले लागन तिथी."

बस लागाले वेळ होता. अहेरीवाल्या गार्डचं लग्न झालं म्हणाली, वैशाखातच. कोणाकडून कळलं, विचारलं नाई.

मी म्हटलं, "ताई, राग आहे का तुले?"

"कायचा?"

"त्या दिवशीचा."

ती पेटीवर बसली होती. पदरानं मानेचा घाम पुसला. "ताई म्हटलं ते तोंडातून निंघून गेलं. त्याचं मले काहीच नाई. ते त मी निभवलंही होतं. पण मंग?"

"घसा सुकला होता वं. खरंच सांगतो. बोलताच नाई आलं."

"घसा सुकला होता," ती म्हणाली. "पाणी त माह्या हातातच होतं, सुगत."

बस लागली. पेटी मी टपावर चढवली. खिडकीतून तिनं आईच्या औषधाची वेळ सांगितली, म्हशीले चारा कुठून आणाचा ते सांगतलं. मी हो हो म्हणत राह्यलो.

३० ऑगस्ट

भाऊचं पत्र. आता नवीन कागद पाठवतो, आई अन् सुगत. ताईबद्दल: "ती माझी बहीण म्हणून येऊ शकत नाही, बहिणीचं वय निघून गेलं. तिने स्वतःच्या शिक्षणावर अर्ज करावा, पण आशा कमी." आईले वाचून दाखवलं. आई तांदूळ निवडत होती, निवडत राह्यली. तिनं ते मान्य केलं, असं मले वाटते. आपल्या पिढीसारखा त्या पिढीले आतून त्रास होत नाई.

कवितेच्या सहा ओळी झाल्या. बर्फावर.

२८ सप्टेंबर

आज ब्रह्मपुरीले तहसीलीत गेलो, आई न् मी. आईचं प्रतिज्ञापत्र कराचं होतं, की मी अमुक, माह्या लेकापाशी कायमची जाऊन राह्यली, माह्यासोबत अमुक. बाहेर लिंबाच्या झाडाखाली अर्जनवीस टाइपरायटर घेऊन बसते. गर्दी नव्हती.

त्यायनं कागद चढवला. "नाव?"

"गिरजाबाई देवाजी."

"वय?"

आई म्हणाली, "लिहा काय लिहाचं ते."

"असं कसं बाई? पंचावन लिहू का?"

"लिहा पंचावन. साठ लिहा. मले कोणी अडवत नाई म्हणे."

अर्जनवीस हसले, पंचावन टाइप केलं. "आता सोबत कोण? नाव, वय, नातं."

मी सांगाले लागलो. आईनं माह्या मनगटावर हात ठेवला. हात खरबरीत, चांगला जड.

"सोबत कोणी नाई."

"हा पोरगा कोण मंग?"

"हा माहाच. हा इथी राह्यते."

मले वाटलं, तिले समजलं नाई. मी वाकून तिले समजावलं, आई, आता नाव टाकलं नाई त मंग टाकता येत नाई. एकवीस झाले की दरवाजा बंद. कायमचा.

"ठाऊक आहे मले. रंभानं पत्र वाचलं तवा मी तिथीच होती न्."

"तू एकटी कशी जाशीन? इंग्रजीचा एक शब्द येत नाई तुले."

"गुणवंताचा पोट्टा शिकवन. त्याले पाह्यलंच नाई मी अजून, चार वर्षांचा झाला. त्याले पाहाले जातो." मंग माह्याकडे पाह्यलं. रागावून नाई. आजारी माणसाले पाहते तसं. "दोघायले घेऊन जाईन म्हटलं होतं. एकाले घेऊन न् एकीले टाकून मी जात नाई, बाबू. टाकाचं त दोघायलेही सारखंच टाकतो."

अर्जनवीस बोटं टाइपरायटरवर ठेवून थांबले होते. "बाई, मंग काय लिहू?"

"कोणी नाई, लिहा."

लिहिलं. आईनं सही केली, बाबांनी शिकवली होती तशी, एकेक अक्षर सुटं.

मी म्हटलं, "त्या दिवशी तू काही बोलली काऊन नाई मंग? तूही त होती ओसरीत. तू हो म्हटलं असतं त?"

"मले कुठी विचारलं त्यानं? तुले विचारलं." कागद तिनं घडी करून पिशवीत टाकला. "मी तुह्या तोंडाकडे पाह्यत होती. आता म्हणन, आता म्हणन."

बसमध्ये ती झोपली. माह्या खांद्यावर.

२९ सप्टेंबर

ताईले कळवाव लागन. दुपारी पत्र लिहाले बसलो. "ताई, आई एकटीच जाऊन राह्यली, मी नाई." इतकं लिहिलं.

त्याच्या खाली, काऊन, ते लिहाव लागन. तिनं ते कधीच ओळखलं असन. माह्या हातानं लिहिलेलं मात्र तिनं अजून वाचलं नाई.

आई दोनदा विचारून गेली, झालं का पत्र, टपालवाला येईन आता. टपालवाला आला अन् गेला. वाक्य सुरू केलं आहे. "वकिलांनी मले एप्रिलमध्येच" इथवर आलो.